साडेनऊ वर्षांनी पोटात सापडलेल्या डुकराच्या पेशी: ऑकलंडमधल्या एका प्रकरणाचा अभ्यास

पोटात दुर्बीण घातली तेव्हा उदरपोकळीच्या अस्तरावर जागोजागी गाठी दिसल्या. डॉक्टरांनी त्यातल्या काही गाठींचे तुकडे काढून तपासले. आत जेलीचे बारीक मणी होते. एकेकाळी काचेसारखे पारदर्शक असलेले हे मणी आता धुरकट झाले होते. त्यांच्या पोटात पेशींचे पुंजके होते आणि चमकणारा रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्या पेशी जिवंत निघाल्या.

त्या डुकराच्या पेशी होत्या. या माणसाच्या पोटात त्या सोडल्याला साडेनऊ वर्षं झाली होती. त्या टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्याला दिलेली नव्हती.

हे प्रकरण न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचं. रॉबर्ट एलियट हे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी ते 2007 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. तेव्हापासून ते दोन टोकाच्या पद्धतींनी सांगितलं जातं. काही जण म्हणतात, मधुमेहावरचा इलाज सापडला होता, पण भीतीपोटी तो अडवला गेला. दुसरे म्हणतात, डुकराच्या पेशींचा प्रयोग फसला, विषय संपला. मूळ आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचले की दोन्ही म्हणणी टिकत नाहीत. त्या आकड्यांमधून मला दिसलेली गोष्ट वेगळी आहे: परक्या प्राण्याच्या पेशी शरीरात जिवंत ठेवणं हा एक प्रश्न आहे आणि त्यांच्याकडून पुरेसं काम करून घेणं हा दुसरा. या माणसाच्या पोटात पहिला प्रश्न बऱ्यापैकी सुटला होता. दुसरा वर्षभरातच हातातून निसटला.

रुग्ण

रोपणाच्या वेळी वय 41, पुरुष, टाइप 1 मधुमेह 18 वर्षांपासून. म्हणजे विशीच्या सुरुवातीला, 23 च्या आसपास आजार सुरू झाला. रोजचं इन्सुलिन 53 युनिट. एकूण ग्लायकेटेड हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातलं साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन, 9.3 टक्के, म्हणजे साखर बऱ्यापैकी हाताबाहेर.

टाइप 1 मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच बीटा पेशी मारते. या पेशी स्वादुपिंडातल्या लँगरहॅन्सच्या बेटांमध्ये, म्हणजे आयलेटमध्ये असतात. पाउल लँगरहॅन्स यांनी 1869 मध्ये ही बेटं प्रथम टिपली, म्हणून त्यांचं नाव. एका माणसात साधारण 10 लाख आयलेट असतात आणि सगळी मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्के भरतात. एवढासा ऐवज गेला की माणूस आयुष्यभर सुईला बांधला जातो. सुई इन्सुलिन देते, पण किती द्यायचं हे तिला कळत नाही. ते रुग्णालाच ठरवावं लागतं. जेवणाआधी, व्यायामाआधी, तापात, झोपताना. हिशेब चुकला की शुगर लो होते. आजार जुना झाला की कित्येकांना लो होण्याची चाहूलही लागेनाशी होते, आणि माणूस बोलता बोलता बेशुद्ध पडतो. बीटा पेशी परत मिळवण्याची धडपड मुख्यतः यासाठी आहे. टोचणं टळावं ही इच्छा त्यानंतरची.

डुकराच्याच का

माणसाच्या आयलेटचं रोपण होतं. कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शॅपिरो आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांचं इन्सुलिन अशा रोपणाने बंद करून दाखवलं, ते 2000 मध्ये प्रसिद्ध झालं. पण एकेका रुग्णासाठी बहुधा दोन किंवा अधिक मृत दात्यांची स्वादुपिंडं लागतात आणि नंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. दाते मोजके आणि रुग्ण लाखोंनी, असं हे गणित आहे.

डुकराचं इन्सुलिन मात्र वैद्यकाच्या ओळखीचं आहे. माणसाच्या इन्सुलिनपेक्षा त्यात फक्त एक अमिनो आम्ल वेगळं आहे. 1982 मध्ये जिवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं, तोपर्यंतची सगळी दशकं रुग्ण डुकराच्या आणि गाईबैलांच्या इन्सुलिनवरच जगले. मग इन्सुलिनऐवजी ते बनवणारी पेशीच का देऊ नये?

विचार जुना आहे. 1893 मध्ये, इन्सुलिनचा शोध लागण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मरणाच्या दारात असलेल्या एका 15 वर्षांच्या मुलाच्या कातडीखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले होते. मुलगा तीन दिवसांत गेला. पुढे स्टॉकहोममध्ये कार्ल-गुस्ताव ग्रोथ यांच्या गटाने दहा मधुमेही रुग्णांना डुकराच्या गर्भातल्या आयलेट पेशी दिल्या आणि 1994 मध्ये निकाल मांडला. चौघांच्या लघवीत 200 ते 400 दिवस डुकराचं सी-पेप्टाइड, म्हणजे इन्सुलिन बनताना जोडीने सुटणारा तुकडा, सापडलं, पण कुणाचंही इन्सुलिन कमी झालं नाही. ऑकलंडच्या प्रयोगाआधी हे एवढं माहीत होतं.

जेलीचा मणी

डुकराची उघडी पेशी माणसाच्या रक्तात गेली की शरीर तिच्यावर तुटून पडतं. डुकराच्या पेशींवर एक साखरेचा रेणू असतो. तो माणसात नसतो आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं आपल्या सगळ्यांच्या रक्तात आधीपासून तयार असतात. शिवाय उघड्या आयलेटशी रक्ताचा संबंध आला की गुठळ्या धरतात, त्या वेगळ्या.

एलियट यांच्या गटाने पेशी झाकून देण्याचा मार्ग घेतला. तपकिरी समुद्रशैवालापासून अल्जिनेट काढतात. त्याच्या द्रावणात आयलेट मिसळायची आणि त्याचे थेंब कॅल्शियमच्या द्रावणात पाडायचे. थेंब जागीच घट्ट होऊन मणी बनतो, पेशी आत अडकते. या मण्याचं जाळं इतकं बारीक असतं की ऑक्सिजन, साखर आणि इन्सुलिन आरपार जातात, पण प्रतिकारशक्तीच्या पेशींना आत शिरता येत नाही आणि मोठ्या प्रतिपिंडांनाही अडसर होतो. ही कल्पना 1980 मध्ये लिम आणि सन यांनी उंदरांमध्ये यशस्वी करून दाखवली होती.

1996 मध्ये या माणसाच्या उदरपोकळीत दुर्बिणीतून असे मणी सोडले. मात्रा शरीराच्या दर किलोमागे 15,000 आयलेट, एकूण 13,05,000. भागाकार केला तर माणसाचं वजन 87 किलो येतं.

या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं. रोपणात आयलेट मोजतात त्या 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाच्या प्रमाण गोळीच्या मापाने. अशा 13 लाख गोळ्या एकत्र केल्या तर जेमतेम 2.3 मिलिलिटर भरतील, अर्धा चमचाही नाही. पण गोळीभोवती जेली आली की चित्र पालटतं. 600 मायक्रॉनचा मणी धरला आणि प्रत्येकात एकच आयलेट मानली, तर मण्याचं आकारमान आतल्या गोळीच्या 64 पट होतं. अर्ध्या चमच्याचे जवळपास 150 मिलिलिटर होतात. एका मण्यात जास्त आयलेट बसवली तर हा आकडा उतरेल, तरी यकृताच्या शिरेतून सोडता येईल इतका तो कधीच होणार नाही. मानवी आयलेट त्या शिरेतून देतात, मण्यांना मात्र उदरपोकळीच गाठावी लागते. ती प्रशस्त आहे, पण तिथे पेशीच्या अंगाला रक्त लागत नाही. हा मुद्दा पुढे निर्णायक ठरतो.

काय घडलं

बाराव्या आठवड्यापर्यंत रोजचं इन्सुलिन 30 टक्क्यांनी उतरलं. म्हणजे 53 वरून साधारण 37 युनिटवर.

हा फरक पेशींमुळेच पडला, असं कशावरून? रोपण झालेला रुग्ण जेवणखाण सांभाळतो, साखर वरचेवर तपासतो, डॉक्टरही मागे लागलेले असतात. त्यानेही इन्सुलिन कमी होऊ शकतं. इथे खरा साक्षीदार सी-पेप्टाइड. पेशी इन्सुलिन बनवते तेव्हा आधी एक लांब साखळी तयार होते. ती कापली जाऊन एक तुकडा इन्सुलिनचा आणि एक सी-पेप्टाइडचा, असे जोडीने बाहेर पडतात. टोचायच्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. शिवाय डुकराचं सी-पेप्टाइड 29 अमिनो आम्लांचं आणि माणसाचं 31 चं, त्यामुळे दोन्ही वेगळी ओळखता येतात. या माणसाच्या लघवीत डुकराचं सी-पेप्टाइड सापडलं, तर ते त्या मण्यांतूनच आलेलं असणार.

ते सापडलं. चौथ्या महिन्यात सर्वांत जास्त, दर मिलिलिटरला 9.5 नॅनोग्रॅम. मग उतरत उतरत अकराव्या महिन्यात 0.6. त्यानंतर दिसेनासं झालं.

आता इन्सुलिनच्या मात्रेकडे पाहा. ती पुन्हा मूळ पातळीवर आली एकोणपन्नासाव्या आठवड्यात. 49 आठवडे म्हणजे अकरा महिने आणि थोडे दिवस. एक मोजमाप लघवीतलं, दुसरं रोजच्या सुईचं. एकमेकांशी संबंध नसलेली ही दोन घड्याळं एकाच सुमाराला थांबली. मला हा या प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो, कारण तो दोन्ही बाजूंनी बोलतो: पेशी खरोखर काम करत होत्या, आणि ते काम वर्षाच्या आत संपत आलं.

उलट ज्या आकड्याचं कौतुक जास्त झालं, तो मला कच्चा वाटतो. चौदाव्या महिन्यात ग्लायकेटेड हिमोग्लोबिन 9.3 वरून 7.8 वर आलं होतं. सुधारणा मोठी आहे, प्रश्नच नाही. पण ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. म्हणजे 7.8 हा आकडा अकराव्या ते चौदाव्या महिन्यांचा हिशेब आहे. त्या काळात लघवीतलं डुकराचं सी-पेप्टाइड संपलेलं होतं आणि सुईची मात्रा 53 वर परत आलेली होती. मग श्रेय डुकराच्या पेशींचं किती आणि रुग्णाच्या शिस्तीचं किती? थोडंसं इन्सुलिन पाझरत राहिलं असेल आणि त्याने चढउतार सौम्य केले असतील, हेही शक्य आहे. पण एकच रुग्ण, तुलनेला दुसरा कोणी नाही, अशा स्थितीत हा आकडा पेशींच्या खात्यावर मांडायला माझा हात धजावत नाही.

आणखी एक गोष्ट खटकते, आणि ती कुणी फारशी बोलत नाही. निरोगी माणसाकडे साधारण 10 लाख आयलेट. या माणसाला 13 लाखांहून जास्त दिली. तरीही गरज फक्त 30 टक्क्यांनी कमी झाली. दिलेल्या पेशींचा मोठा भाग सुरुवातीपासूनच एक तर मेलेला असणार किंवा अर्धमेला.

मधली वर्षं

दरम्यान न्यूझीलंडमधल्या चाचण्या थांबल्या होत्या. कारण विषाणूचं. डुकराच्या प्रत्येक पेशीच्या जनुकांमध्येच काही रेट्रोव्हायरस मुरलेले आहेत. गोठा कितीही स्वच्छ ठेवा, ते जात नाहीत. 1997 मध्ये लंडनमध्ये रॉबिन वाइस यांच्या गटाने दाखवलं की हे विषाणू प्रयोगशाळेत मानवी पेशींना लागण करू शकतात. एड्सने जगाला हादरवलेला तो काळ. एका रुग्णाच्या साखरेसाठी सगळ्या समाजात नवा विषाणू सोडायचा का, हा प्रश्न विचारणाऱ्यांना भित्रे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. धोका पत्करणारा एक आणि तो भोगू शकणारे अनेक, असा हा पेच होता.

म्हणूनच अशा रोपणाची संमती नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या संमतीसारखी नसते. रुग्णाला वर्षानुवर्षं रक्ताचे नमुने द्यावे लागतात, रक्तदान करता येत नाही, जवळच्या माणसांना कल्पना द्यावी लागते. उपचार सोडून देता येतो, देखरेख सोडता येत नाही. हा माणूसही अशाच दीर्घ देखरेखीखाली होता आणि त्याच्यात डुकराच्या कुठल्याही विषाणूची लागण सापडली नाही. 1999 मध्ये डुकराच्या जिवंत ऊतींशी संबंध आलेल्या 160 रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यांच्यातही या रेट्रोव्हायरसची लागण आढळली नव्हती. भीती पूर्ण मिटली नाही, पण ती आता मोजता येऊ लागली होती.

साडेनऊ वर्षांनंतर

आता पुन्हा त्या गाठींकडे. पेशी जिवंत होत्या हे वर आलंच. पण कोणत्या पेशी? रंगवून पाहिल्यावर इन्सुलिन असलेल्या पेशी तुरळक दिसल्या, ग्लुकागॉन असलेल्या बऱ्यापैकी. म्हणजे साखर खाली आणणाऱ्या बीटा पेशी विरळ झाल्या होत्या आणि साखर वर नेणाऱ्या अल्फा पेशी तुलनेने टिकल्या होत्या. पोटातून काढलेले मणी जास्त साखरेच्या द्रावणात ठेवले, तर थोडं इन्सुलिन बाहेर आलं. रुग्णाला ग्लुकोज पाजून रक्त तपासलं, तर इन्सुलिन किंचित वाढलं आणि ते डुकराचं असल्याचं रासायनिक पृथक्करणात दिसलं.

म्हणजे साखर वाढली की उत्तर द्यायचं, हे त्या पेशी विसरल्या नव्हत्या. फक्त उत्तर देणाऱ्या फार थोड्या उरल्या होत्या.

असं का झालं असावं? निरोगी स्वादुपिंडात प्रत्येक आयलेटमध्ये केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. वजनाने एक-दोन टक्के असलेल्या या बेटांकडे स्वादुपिंडाच्या रक्ताचा त्याच्या कित्येक पट वाटा जातो. बीटा पेशी ऑक्सिजनच्या बाबतीत फार हळवी असते. मण्यात अडकलेल्या आयलेटला रक्तवाहिनीच नाही. भोवतीच्या द्रवातून जेलीत झिरपेल तेवढाच ऑक्सिजन तिचा. ऊतींमध्ये ऑक्सिजन असा झिरपत जातो तो 100 ते 200 मायक्रॉनपर्यंत. आपल्या हिशेबातल्या 600 मायक्रॉनच्या मण्याचं केंद्र पृष्ठभागापासून 300 मायक्रॉन आत आहे. त्यात शरीर त्या मण्याला परकी वस्तू समजून बाहेरून तंतूंचं आवरण चढवतं. उदरपोकळीत दिसलेल्या गाठी आणि धुरकट झालेले मणी याच दिशेने बोट दाखवतात. आवरणातल्या पेशी वाटेतला ऑक्सिजन स्वतःच खातात. शिवाय जेलीचं जाळं मोठ्या प्रतिपिंडांना अडवतं, पण दाह वाढवणारे छोटे रेणू त्यातून सहज आत जातात.

थोडक्यात, ज्या भिंतीने पेशींना वाचवलं, तिनेच त्यांना गुदमरवलं. माझ्या वाचनात या प्रकरणाचा गाभा हा आहे. जवळपास त्याच काळात माकडांवर झालेल्या प्रयोगांतून याला दुसऱ्या बाजूने दुजोरा मिळतो. 2006 मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी डुकराची उघडी आयलेट यकृताच्या शिरेतून मधुमेही माकडांना दिली. भिंत नाही, पेशी थेट रक्तात. काही माकडं 100 दिवसांहून जास्त काळ इन्सुलिनशिवाय राहिली. पण त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं इतकी जबर द्यावी लागली की टाइप 1 च्या माणसाला ती देण्याचं समर्थन करणं अवघड.

पुढे

न्यूझीलंडमध्ये 2009 मध्ये पुन्हा मानवी चाचणी सुरू झाली. लो शुगरची चाहूलही न लागणाऱ्या 14 जणांना झाकलेली डुकराची आयलेट दिली, दर किलोमागे 5,000 ते 20,000. दाता प्राण्यांसाठी एक विलक्षण कळप वापरला होता. न्यूझीलंडच्या दक्षिणेला ऑकलंड बेटं आहेत. नावसाधर्म्य सोडलं तर ऑकलंड शहराशी त्यांचा संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात खलाशांनी तिथे डुकरं सोडली होती. जगापासून तुटून राहिल्यामुळे इतर डुकरांचे कितीतरी रोग त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत. 1999 मध्ये त्यातली 17 डुकरं मुख्य भूमीवर आणली गेली आणि त्यांचा वंश बंदिस्त जागेत वाढवला. या पिल्लांना माणसासाठी जन्माला घालून मारायचं का, हा प्रश्न मला कधी सुटलेला नाही. रुग्ण समोर असला की मी त्याच्या बाजूने झुकतो, एवढंच सांगू शकतो.

14 पैकी कुणालाही डुकराचा संसर्ग झाला नाही. नकळत शुगर लो होण्याचे प्रसंग कमी झाले. इन्सुलिन मात्र सुटलं नाही. अर्जेंटिनातल्या पुढच्या चाचणीत आठ जणांना तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा पेशी दिल्या. जास्त मात्रा मिळालेल्या चौघांचं सरासरी ग्लायकेटेड हिमोग्लोबिन 600 दिवसांहून जास्त काळ सात टक्क्यांच्या खाली राहिलं. चार माणसं म्हणजे फार नव्हे, पण या चौघांसाठी ते दिवस खरे होते.

विषाणूच्या प्रश्नाला 2017 मध्ये कलाटणी मिळाली. जनुकसंपादनाने हे सगळे रेट्रोव्हायरस निकामी केलेली पिल्लं जन्माला आली. आता खरी स्पर्धा दुसरीकडून आहे. मानवी मूलपेशींपासून प्रयोगशाळेत बनवलेली आयलेट यकृताच्या शिरेतून दिली आणि 2025 मध्ये आलेल्या निकालात पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 पैकी 10 जण वर्षभरानंतर इन्सुलिनविना होते. तिथे जेलीचा मणी नाही, पेशीच्या अंगाला रक्त लागतं. किंमत आहे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची. ऑकलंडच्या माणसाने ती किंमत दिली नव्हती आणि त्याच्या पेशींना रक्त मिळालं नव्हतं. भिंतही हवी आणि श्वासही हवा, असा मणी बनवण्याच्या खटपटी कित्येक प्रयोगशाळांमध्ये चालू आहेत: पातळ पत्रे, आत ऑक्सिजन भरलेल्या डब्या, तंतू चढू न देणारे अल्जिनेटचे नवे प्रकार.

त्या सगळ्यांच्या हाताशी मानवी शरीरातला इतका जुना दुसरा नमुना क्वचितच असेल. तो मिळाला, कारण साधारण पन्नाशीच्या एका माणसाने, ज्याची सुई साडेआठ वर्षांपूर्वीच 53 युनिटवर परत आली होती, पोटात पुन्हा दुर्बीण घालू दिली. उपचार म्हणून त्याला तिचा काही उपयोग नव्हता. त्याच्या पोटातून निघालेले मणी साखरेच्या द्रावणात ठेवले गेले, आणि त्यांतून थोडं इन्सुलिन आलं.